२००८ च्या आर्थिक संकटावरचा ऑनलाइन कोर्स: माझा अनुभव

आठ लेक्चर्सचा कोर्स आहे, गेल्या आठवड्यात संपवला. पहिल्या लेक्चरला खरं तर बंदच करणार होते, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बँक १५ सप्टेंबरला बुडाली वगैरे सगळं ऐकलेलंच होतं. पण दुसऱ्यापासून जी बसले ती उठलेच नाही.

पैसा कुठे गेला यापेक्षा इतक्या हुशार लोकांना हे सगळं बरोबर वाटलंच कसं, यावर पूर्ण कोर्स उभा आहे. बाजार स्वतःला सांभाळतो, बँकवाला स्वतःचंच नुकसान कशाला करून घेईल, मग राखणदार हवाच कशाला, ही ती समजूत. १९९८ मध्ये ब्रूक्सली बॉर्न, अमेरिकेत वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख, त्या सांगत होत्या की डेरिव्हेटिव्हजवर, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर ठरणाऱ्या करारांवर, नियम हवेत, तर फेडचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, प्रमुख ग्रीनस्पॅन, अर्थमंत्री रुबिन सगळे त्यांच्या विरोधात गेले आणि २००० मध्ये संसदेने कायदा करून असे बरेचसे व्यवहार नियमांच्या बाहेरच काढले. २००५ ला जॅक्सन होलच्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत रघुराम राजन यांनी बँकर्सच्या बोनसमुळे जोखीम कशी वाढते ते मांडलं, त्यांच्यावरही टीकाच झाली. हे लेक्चर मी दोनदा ऐकलं.

चौथं मात्र सगळ्यात भारी. एका गृहकर्जाची फाइल घेतात आणि ती हातोहात कशी सरकते ते दाखवतात. ब्रोकर पगाराचा पुरावा न मागता फॉर्म भरून कमिशन घेतो, बँक कर्ज देते आणि लगेच विकून टाकते, वॉल स्ट्रीटवर तशी हजारो कर्जं एकत्र करून बाँड काढतात, रेटिंग एजन्सी ट्रिपल एचा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असल्याचा, शिक्का मारते आणि तिची फी भरतो कोण तर बाँड काढणाराच. प्रत्येकाला आपापले पैसे मिळाले, कर्ज फिटेल का हे बघणं कुणाचंच काम उरलं नाही. मी अक्षरशः चिडून पॉज केलं. अमेरिकेच्या चौकशी आयोगाचा आकडा आहे, मूडीज या रेटिंग एजन्सीने २००६ मध्ये ट्रिपल ए दिलेल्या गृहकर्ज रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचं रेटिंग पुढे खाली आलं!

ग्रीनस्पॅनच्या २३ ऑक्टोबर २००८ च्या साक्षीवरही छान वेळ दिलाय. अठरा वर्षं फेड चालवलेला माणूस संसदेच्या समितीपुढे कबूल करतो की आपल्या विचारसरणीत दोष सापडला.

सहावं लेक्चर, जोखमीच्या गणितावरचं, फार घाईत उरकलंय, सूत्र स्क्रीनवर येतं आणि जातं. ते सोडलं तरी पुढचं कळतं. पण ज्यांची घरं गेली त्यांच्यावर सगळी मिळून जेमतेम चार मिनिटं आहेत, हे मला अजिबात पटलं नाही. त्या फाइलवर सही करणाऱ्या माणसाला काय सांगितलं होतं, हप्ता वाढणार हे त्याला कळलं होतं का, यावर एक अख्खं लेक्चर हवं होतं. फीडबॅकमध्ये तसं लिहिलंय. तरी घ्या, चौथ्या लेक्चरसाठी तरी नक्की घ्या.