रान विकून मोकळं व्हावं, की ठेवून फेडावं?

घरचा कर्ता माणूस गेला की दिवसकार्य होईपर्यंत कुणी पैशाचं बोलत नाही. त्यानंतर एकेक जण दारात येऊ लागतो. आधी सोसायटीचं थकलेलं पीककर्ज कळतं, मग पतसंस्थेचं, मग औषध-खताच्या दुकानाची दोन हंगामांची उधारी. शेवटी असा एक माणूस येतो ज्याचं नावही घरात कुणी ऐकलेलं नसतं, आणि त्याच्या हातात नवऱ्याच्या सहीचा चेक असतो. भावकी म्हणते, "एकरभर काढून टाक आणि मोकळी हो." माहेरचे म्हणतात, "रानाला हात लावू नकोस, हप्ते बांधून घे." दोन्हीकडची माणसं आपलीच, आणि दोघांनाही उत्तर आजच हवं असतं.

सांगली जिल्ह्यातल्या अशा बाईसाठी, आणि तिच्याबरोबर कागद घेऊन बसणाऱ्या भावा-बहिणीसाठी, हे दोन्ही रस्ते इथे शेजारी-शेजारी ठेवले आहेत. माझं मत आधीच सांगते: सगळी कर्जं एका ढिगात धरून घेतलेला निर्णय बहुतेक वेळा महागात पडतो. कोणतं कर्ज कशाला चिकटलंय हे कळल्यावर अर्धा प्रश्न आपोआप सुटतो.

नवऱ्याचं कर्ज बायकोच्या अंगावर आपोआप येत नाही. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुमचा पगार, तुमचं स्त्रीधन, माहेराहून तुमच्या नावावर आलेली जमीन यावर त्याच्या घेणेकऱ्याचा हक्क नाही. मुलांचंही तेच. "बापाचं कर्ज फेडणं हा मुलाचा धर्म" एवढ्याच आधारावर ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जाची वसुली मुलाकडून करता येत नाही. अपवाद एकच, पण मोठा आहे: तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर ते कर्ज तुमचंच. बचतगटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज बायकोच्या नावावर काढून पैसे नवऱ्यानं वापरले, असं अनेक घरांत असतं. ते कर्ज कायद्यानं बायकोचं धरलं जातं. मात्र अशा कर्जासोबत बऱ्याचदा विमा असतो आणि त्यात नवऱ्याचं नावही असू शकतं, म्हणून हप्ता भरण्याआधी विम्याचा कागद मागा.

आणखी एक गोष्ट पहिल्या महिन्यातच लागते. हातउसने किंवा वचनचिठ्ठीवरच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांची असते. मुदत संपत आली की समोरचा गोड बोलून "निदान दोन हजार तरी द्या, नाहीतर इथं सही करा" म्हणतो. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली, किंवा पैसे दिल्याची नोंद तुमच्या सहीनिशी झाली, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मुदत संपल्यावर लेखी वचन दिलं तर मेलेलं कर्जही उठून उभं राहतं. दुःखात असलेल्या बाईकडून अशी सही घेणं सोपं जातं, म्हणून हे मी ठासून लिहिते आहे. "उतारे आणि कागद पाहून सांगते" एवढंच म्हणा आणि दार लावा.

आता विकण्याची बाजू. तिचं खरं बळ व्याजात आहे. खासगी सावकाराचं शेकडा पाच म्हणजे महिन्याला ५ टक्के, वर्षाला ६० टक्के. ४ लाखांवर दर महिन्याला २० हजार फक्त व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. कुठल्याही पिकाच्या भरवशावर हे फिटत नाही. असं कर्ज खरं असेल आणि लगेच मिटवायचं असेल तर काहीतरी विकणं शहाणपणाचं ठरतं. दुसरं बळ मनाच्या शांतीचं. दारात माणूस येणं थांबतं, मुलांच्या कानावर शिव्या पडत नाहीत. याची किंमत आकड्यात मांडता येत नाही, पण मी ती कमी लेखणार नाही.

पण विक्री लोक समजतात तितकी झटपट होत नाही. जमीन नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर होती आणि मृत्युपत्र नाही, असं धरा. मग बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि नवऱ्याची आई यांना समान हिस्सा येतो. म्हणजे सासूबाईंची सहीही लागते. त्यांना आधी विश्वासात घ्या. मुलगा गमावलेल्या आईला व्यवहार ठरल्यावर कळवणं क्रूर आहे, आणि व्यवहारही तिथंच अडतो. मुलं अल्पवयीन असतील तर त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर व्यवहार रद्द करून मागू शकतं, हे समोरच्या खरेदीदारालाही ठाऊक असतं आणि भाव पाडायला तो ते वापरतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत हिशेब वेगळा पडतो. वर तुकडेबंदी आहेच: जिल्ह्यात बागायत १० गुंठ्यांपेक्षा आणि जिरायत २० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. आणि घाईत विकलेल्या रानाला कधी पूर्ण भाव येत नाही. घेणारा बहुतेक वेळा बांधालाच लागून असलेला असतो, त्याला तुमची निकड माहीत असते.

ठेवून फेडण्याची बाजू पिकावर ठरते, आणि इथं वाळव्याची बाई आणि तासगावची बाई यांना एकच सल्ला देता येत नाही. वाळवा-पलूसकडे ऊस असेल तर उत्पन्न सावकाश पण ओळखीचं असतं. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यावी असा नियम आहे. बिल प्रत्यक्षात लांबतं तरी कारखान्याकडून येणार हे माहीत असतं, आणि त्याच्यावर वर्षाचा एक हप्ता बांधता येतो. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबाग असेल तर गणित उलटं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधली औषधं, मजुरी, सगळा खर्च आधी आणि पैसा फेब्रुवारी-मार्चनंतर. एक अवकाळी पाऊस मण्यांत शिरला की वर्ष गेलं. ज्या बागेमुळे नवरा कर्जात गेला तीच बाग आणखी कर्ज काढून चालवून जुनं फेडू, हा हिशेब मला पटत नाही. बाग खंडानं किंवा वाट्यानं देणं, बेदाण्यावर जाणं, नाहीतर बाग काढून ऊस-हळदीवर येणं, यातलं काहीतरी ठरल्याशिवाय हप्त्याचा शब्द कुणाला देऊ नका. खंडाचा करार लेखीच करा, दिराशी असला तरी.

ठेवण्याच्या बाजूनं बँक-सोसायटीचं कर्ज पुष्कळ सोयीचं आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून वारस नोंद करून ते नियमित करणं फायद्याचं. थकलेलं असेल तर एकरकमी तडजोडीला बँका तयार होतात, आणि लोकअदालतीत झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील होत नाही. बँकेला सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा कायदा) शेतजमिनीवर थेट जप्ती आणता येत नाही. गावातलं तारण घर मात्र त्या कायद्यात येतं, त्याला ६० दिवसांची नोटीस असते. सहकारी संस्थेकडे वसुली दाखल्याचा, म्हणजे निबंधकाच्या वसुली हुकमाचा, वेगळा रस्ता आहे, तेव्हा "शेतीला कोण हात लावतंय" म्हणून बसून राहू नका. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात कोणाचा बोजा आहे ते आधी वाचा.

मग निवड कशी करायची? मी असं करेन. आधी ट्रॅक्टर किंवा चारचाकी विकेन, कारण ती उभी राहून किंमत गमावते. सोसायटी आणि बँक यांचं कर्ज रान ठेवून हप्त्यानं. शेकड्याच्या व्याजाचं कर्ज मात्र आधी तपासेन: त्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का? नसेल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते. पैशापोटी खरेदीखत लिहून घेतलं असेल तर ती जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तडजोड झालीच तर पैसे खात्यातून द्या, आणि चेक-स्टँप हातात घेतल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका. एवढं करूनही भागत नसेल तरच रान, आणि तेही घरापासून लांबचं, विहीर नसलेलं.

विम्याचे पैसे आले की ते सगळे पहिल्या मागणाऱ्याला देऊन टाकायची ओढ लागते. थांबा. नवऱ्याच्या पासबुकात वर्षाला ४३६ किंवा २० रुपयांची कपात दिसते का पाहा. पहिली प्रधानमंत्री जीवनज्योतीची, दुसरी सुरक्षा विम्याची, दोन्हींत २ लाखांचं संरक्षण आहे, दुसरं फक्त अपघातासाठी. कुपवाड-मिरजेच्या कारखान्यात नोकरी असेल तर भविष्यनिर्वाह निधीवर घेणेकऱ्यांना जप्ती आणता येत नाही. त्या पैशातून मुलांचं एक वर्षाचं शिक्षण आणि घरखर्च आधी बाजूला काढा.

दिराकडून तिसरा पर्याय हमखास येतो: "हक्कसोड करून दे, कर्ज आम्ही बघतो." हक्कसोडीनं तुमची जामीनदारी सुटत नाही, रान मात्र जातं. कर्ज फेडल्याचे दाखले आधी, सही नंतर, असं म्हणून पाहा. हेतू साफ असेल तर कुणाला राग यायचं कारण नाही.

वकिलाच्या फीसाठी अडून बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना मृत्यूचा दाखला, सगळ्या गटांचे सातबारे आणि ८-अ, नवऱ्याच्या प्रत्येक खात्याचं पासबुक आणि आलेल्या नोटिसा न्या. तोंडी मागणाऱ्यांची नावं आणि रकमा एका वहीत लिहून तीही बरोबर ठेवा.