घरच्या वाय-फायवरील ‘कौटुंबिक फिल्टर’ : सहा महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात जुळे सोलापुरातील आमच्या घरी आम्ही एका स्थानिक केबल कंपनीचे फायबर कनेक्शन घेतले आणि त्याबरोबर महिना ९९ रुपये जादा भरून त्यांचा ‘कौटुंबिक फिल्टर’ही सुरू करून घेतला. अश्लील साइट घरातल्या कोणत्याही फोनवर, लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर उघडणार नाहीत, मुलांच्या शोधात घाण येणार नाही आणि कोणी काय उघडू पाहिले याचा आठवड्याचा अहवाल पालकांना मिळेल, अशी तीन आश्वासने त्यांच्या पत्रकात होती. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. आमच्या घरात सासू-सासरे, आम्ही दोघे, आठवीतला मुलगा आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारी, नववीतली पुतणी अशी सहा माणसे आहेत, आणि ही सेवा या सहाही जणांच्या रोजच्या वापरात कशी टिकली, आणि अश्लील सामग्रीचे सरकारने नियमन करावे का याविषयी त्यातून माझे काय मत झाले, ते मी येथे लिहीत आहे.

फिल्टर घेण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो म्हणून जूनमध्ये मुलाला त्याच्या आजोबांचा जुना मोबाईल दिला होता. एका संध्याकाळी मी भाकरी करत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि म्हणाला, “आई, मी नव्हतं मागितलं ते.” वर्गातल्या मुलांनी शिक्षकांना वगळून एक वेगळा ग्रुप केला होता आणि त्यात कोणीतरी एक क्लिप टाकली होती. मी ती उघडली, चार-पाच सेकंद पाहिली आणि बंद केली. त्यातील बाई रडत होती. तो अभिनय होता की नव्हता हे मला कळले नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलाला ते कळण्याचा तर प्रश्नच नव्हता.

जोडणी करायला आलेला तंत्रज्ञ मुलगा नम्र आणि कामाला चोख होता. त्याने फ्रिजवरच्या फळीवर राउटर बसवला, माझ्या फोनमध्ये कंपनीचे ॲप घातले, ओटीपी घेऊन खाते उघडले आणि वीस मिनिटांत काम संपवले. फिल्टर कसा चालतो हेही त्याने मला नीट समजावले. आपण एखाद्या साइटचे नाव टाकतो तेव्हा फोन आधी डीएनएस नावाच्या सेवेला त्या साइटचा पत्ता विचारतो. नव्या पेठेत एखादे दुकान शोधणाऱ्याने कोपऱ्यावरच्या पानवाल्याला पत्ता विचारावा, तसेच हे आहे. फिल्टर म्हणजे काही ठरावीक दुकानांचा पत्ता न सांगणारा पानवाला. दुकान जागेवरच असते, तिथे जाणारा रस्ताही असतो, फक्त सांगणारा सांगत नाही.

हे काम फिल्टर खरोखर चांगले करतो, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सासरे क्रिकेटचा स्कोअर पाहतात आणि सासूबाई जुनी कीर्तने शोधतात, त्या फुकट्या साइटच्या कडेला पूर्वी ज्या जाहिराती हलत असत, त्या पहिल्याच दिवसापासून दिसेनाशा झाल्या. गुगलचा सुरक्षित शोध सर्व उपकरणांवर आपोआप लागू झाला आणि तो मुलांना बंद करता येत नाही. चुकून समोर येणारे जे काही आहे, ते नव्वद टक्के तरी थांबले असावे, असा माझा अंदाज आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत पहिला प्रसंग बहुतेक वेळा असा चुकूनच घडत असल्यामुळे हा फायदा किरकोळ नाही.

मात्र एवढ्याच कामासाठी ९९ रुपये देण्याची गरज नाही. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० पासून कुटुंबांसाठी अशीच डीएनएस सेवा विनामूल्य ठेवली आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये १.१.१.३ हा पत्ता भरला की व्हायरस पसरवणाऱ्या आणि प्रौढांसाठीच्या अशा दोन्ही प्रकारच्या साइट अडतात. ज्यांना सेटिंगची भीती वाटत नाही त्यांनी ते आधी करून पाहावे. पैसे मोजायचे ते ॲप, अहवाल आणि फोनवर मिळणारी मदत यांच्यासाठी, आणि या सेवेची खरी परीक्षा त्याच तीन गोष्टींत होते.

त्या परीक्षेत सेवा मागे पडते. फिल्टर फक्त वाय-फायवर चालतो, त्यामुळे सिमचा डेटा चालू केला की तो संपला, ही गोष्ट पत्रकात कुठेच लिहिलेली नाही. व्हॉट्सॲप आणि टेलिग्राममधून येणारी क्लिप त्याला दिसतच नाही, म्हणजे ज्या प्रसंगामुळे मी हा फिल्टर घेतला, तोच प्रसंग उद्या पुन्हा घडला तर त्याला पत्ताही लागणार नाही. व्हीपीएन ॲप, म्हणजे जोडणी दुसरीकडून फिरवून असा फिल्टर चुकवणारे ॲप, तो काही वेळा पकडतो, काही वेळा नाही. ॲपमध्ये अडवायच्या शब्दांची जी यादी आहे ती सगळी इंग्रजी आहे. सोलापूरसारख्या शहरात, जिथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड ऐकू येते आणि जिथे शाळेतली पोरे तिन्ही भाषांतल्या शिव्या एकमेकांकडून शिकतात, तिथे केवळ इंग्रजी शब्दांवर पहारा ठेवणारी यादी विकणे ही ग्राहकाची फसवणूकच म्हणावी लागेल.

हे सगळे मी सहन केले असते. जे सहन झाले नाही ते नोव्हेंबरात घडले. रविवारी सकाळी आलेल्या अहवालात पुतणीच्या फोनच्या नावापुढे तीन लाल खुणा होत्या, वेळ रात्री ११:४०. मी घाबरून तपशील उघडला. पाळी उशिरा का येते आणि पोटात इतके का दुखते, हे तिने इंग्रजीत शोधले होते, आणि आरोग्याची माहिती देणारी तीन पाने फिल्टरने एकामागून एक अडवली होती. तिच्या पडद्यावर प्रत्येक वेळी काय आले असेल ते पाहण्यासाठी मी तेच पान माझ्या फोनवर उघडले. लाल चौकटीत मजकूर आला : ‘अश्लील मजकूर. या प्रयत्नाची नोंद पालकांना कळविण्यात आली आहे.’

दुखणे सोसत, अंधारात पांघरुणाखाली उत्तर शोधणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला माझ्या घराने, माझ्या पैशांनी, तीनदा हे सांगितले होते. ती दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हती, आणि मी ते परीक्षेचे टेन्शन समजत होते. मी तिला गच्चीवर नेऊन विचारले तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, “काकू, मी तसलं काही बघत नव्हते.” तिला आधी स्वतःची बाजू मांडावी लागली आणि नंतर दुखणे सांगता आले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. डॉक्टरकडे आम्ही त्याच आठवड्यात गेलो. कंपनीला मी त्याच दिवशी फोन केला होता. ती पाने मोकळी व्हायला नऊ दिवस लागले, आणि चौकटीतला मजकूर बदलण्याची विनंती ‘वर कळवतो’ या उत्तरापुढे गेलेली नाही.

शरीराची माहिती आणि अश्लीलता यांतला फरक न करण्याची ही सवय काही यंत्राने आणलेली नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन यांविषयी मराठीत स्वच्छ लिहिले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. त्या खटल्याला नव्वद वर्षे उलटली आणि माझ्या पुतणीसमोर तीच अक्षरे लाल चौकटीत आली. म्हणूनच सरकारने अश्लील सामग्रीचे नियमन करावे का, या प्रश्नाकडे मी आता या फिल्टरच्या अनुभवातून पाहते. घरातली यादी जिथे चुकते, तिथे देशाची यादीही चुकते.

आपल्याकडे हे दोनदा करून झाले आहे. ३१ जुलै २०१५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने ८५७ साइट बंद करण्याचा आदेश दिला आणि टीका होताच काही दिवसांतच तो बराचसा मागे घेतला. त्यानंतर उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ऑक्टोबर २०१८ मध्ये ८२७ साइट बंद करायला सांगण्यात आल्या. त्या आदेशाला आता कितीतरी वर्षे झाली, तरी माझ्या मुलाच्या वर्गातल्या ग्रुपवर क्लिप आलीच. साइटचा पत्ता बदलायला काही तास पुरतात, आणि मुलांपर्यंत ही सामग्री केवळ साइटवरून पोहोचत नाही, ती हातोहातही फिरते.

तरीही ‘सरकारचा यात काय संबंध’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि ती क्लिप पाहिल्यापासून तर मुळीच नाही. प्रौढ माणूस खाजगीत काय पाहतो यात आपला कायदा सहसा पडत नाही, आणि ते योग्यच आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आणि ६७ अ अशी सामग्री प्रसारित करणे हा गुन्हा मानतात, आणि ६७ ब नुसार बालकांचे लैंगिक चित्रण शोधणे, पाहणे, उतरवून घेणे हासुद्धा गुन्हा आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा उलटा निर्णय रद्द करून हे अधिक स्पष्ट केले आणि अशा सामग्रीला ‘चाइल्ड पॉर्नोग्राफी’ न म्हणता बालकांचे लैंगिक शोषण व अत्याचार दाखवणारी सामग्री म्हणावे असे सुचवले. आठवीतली मुले एकमेकांना जे पाठवतात त्यात अल्पवयीन मुलगी असू शकते आणि मग ते फोनमध्ये ठेवणे हेच गुन्ह्यात मोडू शकते, हे आमच्या ग्रुपमधल्या एकाही पालकाला माहीत नव्हते. मलाही नव्हते.

परिणामांविषयी मी जे वाचले त्यात मला घाईचे निष्कर्ष नको होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याच्या विकाराची नोंद आहे, परंतु ती व्यसनांमध्ये नाही, आवेगावर नियंत्रण न राहण्याच्या विकारांमध्ये आहे, आणि केवळ नैतिक अपराधी भावनेमुळे होणारा त्रास म्हणजे हा विकार नव्हे असेही तिथे म्हटले आहे. पाहणारा प्रत्येक जण बिघडतो असे म्हणायला आधार नाही. मुलांचे तसे नाही. इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या जानेवारी २०२३ च्या अहवालात तरुणांनी पहिल्यांदा अशी सामग्री पाहिली तेव्हाचे सरासरी वय १३ निघाले, दर दहांतील एकाने ती नऊ वर्षांचा होईपर्यंतच पाहिली होती, आणि बहुसंख्यांनी अठरा पूर्ण होण्याआधी हिंसक दृश्ये पाहिली होती. हे आकडे इंग्लंडचे आहेत, सोलापूरचे नाहीत. पण ज्या मुलाला घरी, शाळेत कोणीही काही सांगितलेले नाही, त्याच्यासाठी ती क्लिप हाच पहिला धडा असतो, आणि त्या धड्यात समोरच्या बाईची संमती विचारलेली नसते.

म्हणून सरकारने पुरवणाऱ्यांना धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून अशा साइटना वयाची खरी पडताळणी सक्तीची केली, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी महिनाभर टेक्सासचा तसाच कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. ब्रिटनमध्ये लगेच व्हीपीएन ॲप उतरवून घेण्याची लाट आली, हेही खरे आहे, आणि आपल्याकडे असे काही करायचे झाल्यास आधारचा क्रमांक अशा साइटच्या हाती जाता कामा नये. पण चुकून तिथे पोहोचणारे मूल दाराशीच थांबते, आणि मला तेवढे पुरेसे मोठे वाटते. याहून महत्त्वाचे काम चित्रणात दिसणाऱ्या माणसांच्या संमतीचे आहे. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी पॉर्नहब या मोठ्या अश्लील साइटवरील पैशांचे व्यवहार थांबवले, आणि त्याच सुमारास त्या साइटने ओळख न पटलेल्या लोकांनी टाकलेले लाखो व्हिडिओ काढून टाकले. बंदीच्या आदेशांनी जे झाले नाही ते पैशाची वाट अडवल्यावर काही दिवसांत झाले. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी, एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या खाजगी चित्रणाबद्दल तक्रार केल्यास ते ठरावीक मुदतीत हटवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. तक्रार कुठे करायची हे मात्र शाळेच्या एकाही पालकसभेत मी ऐकलेले नाही. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर ती करता येते आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

सेवेबद्दलचे माझे मत असे आहे. घरात दहा वर्षांखालची मुले असतील आणि एकच वाय-फाय असेल, तर फिल्टर जरूर घ्यावा, शक्यतो विनामूल्य. घरात वयात आलेली मुलगी असेल तर आरोग्याची पाने मोकळी आहेत का, हे पैसे भरण्याआधी तंत्रज्ञासमोर स्वतः उघडून पाहावे. आठवड्याचा अहवाल बंद ठेवावा. पाचपैकी मी अडवण्याच्या कामाला साडेतीन गुण देईन, ग्राहकसेवेला एक, आणि त्या लाल चौकटीला काहीच नाही.

अहवाल मी नोव्हेंबरातच बंद केला आणि पुतणीच्या हातात ॲप देऊन ते बंद झाल्याचे तिला दाखवले. मुलाने तो ग्रुप स्वतःहून सोडला. ९९ रुपयांचा प्लॅन मार्चअखेर संपतो, त्यानंतर राउटरमध्ये १.१.१.३ भरायचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे.