पडद्यावरची बंदूक नेमकी कोणती? ‘आयएमएफडीबी’ची पारख

सिनेमातल्या बंदुकीचं खरं नाव शोधायला निघालेला माणूस आज ना उद्या एकाच दारात येऊन उभा राहतो: इंटरनेट मूव्ही फायरआर्म्स डेटाबेस, म्हणजेच आयएमएफडीबी. २००७ पासून चालू असलेला हा कोश विकिपीडियाच्याच मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, फुकट वापरता येतो आणि सिनेमांबरोबर मालिका, व्हिडिओ गेम, ॲनिमे अशा सगळ्यांतली हत्यारं नोंदवतो. नाव हुडकायला याच्या तोडीचं दुसरं साधन नाही. पण तिथं लिहिलंय म्हणून ते नाव खरं, असं मात्र धरू नये. पुरावा पडद्यावरच्या चौकटीत असतो, कोशात नव्हे. चांगल्या पानांवर ती चौकट शेजारीच लावलेली असते आणि ओळख कशावरून पटवली तेही लिहिलेलं असतं. नुसतं नाव टाकून मोकळी झालेली पानंही आहेत. ही दोन प्रकारची पानं वेगळी करता आली की कोश उपयोगी, नाही तर दिशाभूल.

मांडणी सोपी आहे. सिनेमाच्या पानावर प्रत्येक हत्याराला मथळा, त्याखाली पांढऱ्या पार्श्वभूमीवर खऱ्या बंदुकीचा फोटो आणि मग सिनेमातली दृश्यं ओळीने. बंदुकीच्या पानावर उलटा हिशेब: कोणत्या सिनेमात, कोणत्या नटाच्या हातात, कोणती आवृत्ती, कोणतं साल, याचा तक्ता. माउझर सी९६ च्या पानावर गेलात तर ते पिस्तूल कुठे कुठे झळकलं ते एका बैठकीत कळतं.

खरी अडचण पहिल्याच पायरीवर येते. शोध नावावरून चालतो, आकारावरून नाही. सिनेमाचं पान तयार नसेल आणि बंदुकीचं नाव ठाऊक नसेल, तर शोधाच्या चौकटीत लिहायचं काय? अशा वेळी पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, सबमशीनगन, रायफल, शॉटगन या वर्गांच्या पानांवरून खाली उतरावं लागतं. त्याआधी पाच गोष्टी टिपून घ्याव्यात: रिकामी पुंगळी बाहेर पडायची खिडकी कुठे आहे, मॅगझीन (काडतुसांची पेटी) कुठून लागतं आणि किती वळलेलं आहे, सेफ्टीचा खटका स्लाइडवर (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) आहे की फ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर), फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडचा नेम धरायचा खुंटा) उघडी आहे की कड्यात, आणि घोडा (चापाचा नव्हे, मागचा हॅमर) बाहेर दिसतो का. एवढं हातात असलं की शेकडो नावांतून दोन-चार उरतात. दृश्य शक्यतो डिस्कवरून थांबवावं. स्ट्रीमिंगच्या दाबलेल्या चित्रात नेमक्या ह्याच बारीक खुणा पुसल्या जातात. बंदूक पूर्ण आडवी दिसते अशी एक चौकट दहा धावपळीच्या चौकटींना भारी पडते.

‘एके’ रायफलींच्या घराण्यावर कोशाने घेतलेली मेहनत वाखाणण्यासारखी आहे. संवादात, पोस्टरवर, बातमीत सगळीकडे ‘एके-४७’ म्हणतात. पडद्यावर बहुतेक वेळा असते ती एकेएम, म्हणजे एके-४७ ची नंतरची सुधारित आवृत्ती, किंवा तिची कुठल्या तरी देशातली भावंडं. फरक मॅगझीनच्या वर, रिसिव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या भागाच्या) बाजूला दिसतो. घडीव पोलादातून कोरलेल्या जुन्या एके-४७ वर तिथे लांबट आयताकृती खाच असते, पत्र्याच्या एकेएमवर छोटासा लंबगोल खळगा. जुन्या एकेचं वरचं झाकण गुळगुळीत, एकेएमच्या झाकणावर पन्हाळी. नळीच्या टोकाला तिरका कापलेला तुकडा दिसला तर एकेएम. फ्रंट साइटभोवती पूर्ण बंद कडं असेल तर चिनी टाइप ५६ चा संशय घ्यावा, आणि नळीखाली दुमडलेली संगीन असेल तर संशयही उरत नाही. एके-७४ चं मॅगझीन कमी वळलेलं असतं, कारण तिचं ५.४५ मिलिमीटरचं काडतूस ७.६२ च्या मानाने कमी निमुळतं. टोकाला मोठा मझल ब्रेकही (धक्का कमी करणारा जोड) असतो. १९८० च्या दशकातल्या अमेरिकी सिनेमांत सोव्हिएत रायफली मिळणं अवघड असल्याने इजिप्तच्या ‘मादी’ (Maadi) कारखान्याच्या रायफलींनी वेळ मारून नेली. १९८४ चा ‘रेड डॉन’ हे त्याचं ठळक उदाहरण, आणि कोश तिथे ‘एके-४७’ लिहून सुटत नाही.

अशा बदल्या कलाकारांची नोंद हीच या कोशाची सर्वांत मोलाची बाजू. एका बंदुकीच्या जागी दुसरी का येते, हे समजायला ब्लँक काडतूस समजून घ्यावं लागतं. त्यात गोळी नसते, त्यामुळे नळीत दाब साठत नाही. दाब नाही तर आपोआप पुढचं काडतूस भरणारी यंत्रणा अर्ध्यावर अडकते. म्हणून नळीच्या तोंडात आतून अरुंद भोकाची बूच बसवतात. सैन्याच्या सरावात नळीवर बाहेरून चढवतात तो जोड कॅमेऱ्यात दिसला असता, म्हणून सिनेमावाल्यांचं हे बूच लपवलेलं असतं. (समोरून घेतलेल्या दृश्यात भोक बारीक दिसलं म्हणून कॅलिबर (नळीचा आतला व्यास) ठरवायला जाऊ नये, दिसतं ते बुचाचं भोक.) रिव्हॉल्व्हरला हा उपद्व्याप लागत नाही, कारण त्याचं चक्र हाताच्या जोरावर फिरतं.

इतकं करूनही .४५ चे ब्लँक जुन्या काळी कोल्ट एम१९११ मध्ये भरवशाने चालत नसत, ९ मिलिमीटरचे चालत. म्हणून हॉलिवूडने स्पेनचं ९ मिलिमीटरचं स्टार मॉडेल बी हे दिसायला जुळं पिस्तूल उभं केलं. १९६९ च्या ‘द वाइल्ड बंच’मधली ‘कोल्ट’ पिस्तुलं खरं तर ही स्टार. ओळखायची कशी? मुठीच्या मागच्या बाजूला तळहाताने दाबली जाणारी ग्रिप सेफ्टी पाहावी. कोल्टला असते, स्टारला नसते. स्लाइडच्या उजव्या अंगाला बाहेरून दिसणारा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) हीसुद्धा स्टारचीच खूण.

वेस्टर्नमध्येही (काउबॉयपटांत) कारण दारूगोळ्याचंच. तिथे ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचे ब्लँक वापरत: एकच काडतूस .३८-४०, .४४-४० आणि .४५ कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांत आणि .३८-४० व .४४-४० च्या रायफलींतही चाले. सेटवर एकच पेटी ठेवली की काम भागायचं. त्यात बसणारी आणि मुबलक मिळणारी रायफल होती विंचेस्टर १८९२. मग कथा १८७० ची असो वा १८८० ची, हातात १८९२! कधी कधी तर तिचं पुढचं लाकूड काढून आणि रिसिव्हर पितळी रंगवून तिलाच हेन्री रायफल म्हणून उभं केलं जाई. कोश अशा कालविपर्यासांवर बारकाईने बोट ठेवतो. व्हिएतनामच्या जंगलात एम१६ए२ दिसली की तिच्या गोल, पन्हाळीच्या हँडगार्डवरून (नळीवरच्या, हातात धरायच्या आवरणावरून) ती पकडली जाते, कारण त्या युद्धातल्या एम१६ आणि एम१६ए१ यांचा हँडगार्ड तिकोनी होता.

तिसरं उदाहरण १९८८ च्या ‘डाय हार्ड’चं. तिथल्या ‘एमपी५’ सबमशीनगन म्हणजे नागरी विक्रीसाठीच्या, १६ इंची नळीच्या एचके९४ कार्बाइन; नळी आखूड करून एमपी५ सारख्या केलेल्या. खऱ्या एमपी५ च्या नळीच्या टोकाशी तीन छोटे उंचवटे असतात आणि मॅगझीन व ट्रिगर गार्ड यांच्यामध्ये मॅगझीन सोडायची पट्टी असते. कापलेल्या एचके९४ वर दोन्ही नाहीत. अंधाऱ्या दृश्यात उंचवटे शोधत बसू नका, मॅगझीन बदलतानाची चौकट थांबवा.

जोडजुगाड करून बनवलेल्या काल्पनिक शस्त्रांत कोशाची पानं सर्वांत रंगतदार होतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपरची बंदूक म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन. वर दुर्बीण, बाजूला हेंगस्टलर कंपनीचं आकडे मोजायचं यंत्र, नळीभोवती प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि डावीकडे मूळ ३४ गोळ्यांच्या वळणदार मॅगझीनऐवजी आखूड तुकडा. काही दृश्यांत खरे ब्लँक झाडले आहेत; चौकट चौकट पुढे नेली तर उजवीकडून उडणाऱ्या पुंगळ्याही दिसतात. लेझरच्या बंदुकीतून पितळ! हान सोलोचं पिस्तूल माउझर सी९६, आणि जड बंदुकांमागे जर्मन एमजी३४ व पहिल्या महायुद्धातली लुईस गन.

१९८६ च्या ‘एलियन्स’मधली पल्स रायफल उकलायला अजून मजा येते. गाभा थॉम्पसन एम१ए१, खाली रेमिंग्टन ८७० शॉटगन, तिच्यावर एसपीएएस-१२ शॉटगनचे भाग आणि सगळ्यावर एक कवच. कवच कितीही भविष्यवादी असलं तरी थॉम्पसन लपत नाही: उजवीकडे मागेपुढे होणारा कॉकिंगचा खुंटा आणि उडणाऱ्या आखूड पिस्तुली पुंगळ्या. त्याच सिनेमातली स्मार्टगन म्हणजे कॅमेरा पेलणाऱ्या स्टेडिकॅमच्या हातावर चढवलेली एमजी४२. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मधल्या पिस्तुलात स्टायर मानलिखर रायफलीचा रिसिव्हर आणि चार्टर आर्म्स बुलडॉग रिव्हॉल्व्हर एकत्र आहेत, एका मुठीत दोन चाप का, याचं उत्तर त्या रायफलीत. अशा शस्त्राचं एकच खरं नाव नसतं. तुकड्यातुकड्याने सांगणारं पान चांगलं, ‘स्टायर’ म्हणून थांबणारं अपुरं.

आता जिथे सावध राहावं त्या जागा. संवादावर विश्वास ठेवू नये: १९९० च्या ‘डाय हार्ड २’मध्ये ज्या पिस्तुलाला जर्मन, चिनीमातीचं ‘ग्लॉक ७’ म्हटलंय, ते ग्लॉक १७ आहे. कंपनी ऑस्ट्रियाची, फ्रेम पॉलिमरची, स्लाइड आणि नळी पोलादाची. ग्लॉक ७ अस्तित्वात नाही. जाहिरातीवरही नको: १९६३ च्या बाँडपटाच्या प्रसिद्ध छायाचित्रांत शॉन कॉनरीच्या हातात वॉल्थर एलपी-५३ आहे, म्हणजे छऱ्यांचं एअर पिस्तूल. आवाज तर नंतर चढवलेला असतो. बाहेर घोडाच नसलेल्या ग्लॉकवर घोडा चढवल्याचा ‘खट्’ असंख्य वेळा ऐकू येतो. आणि पुंगळीची खिडकी डावीकडे दिसली तर नवी बंदूक शोधण्याआधी चौकटीतली अक्षरं उलटी आहेत का ते पाहावं. दृश्य आरशासारखं फिरवलेलं असू शकतं.

नळीतून ज्वाळा दिसली नाही म्हणजे बंदूक खोटी, हाही कच्चा निष्कर्ष. एमपी५ मिनिटाला सुमारे ८०० गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा. कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी टिपतो आणि प्रत्येक चौकटीत शटर साधारण १/४८ सेकंदच उघडं असतं. उरलेल्या वेळात झालेला भडका फिल्मवर येतच नाही.

नव्या सिनेमांत कोश खरा अडखळतो. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या चित्रीकरणात खरी गोळी सुटून छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ‘द रूकी’सारख्या मालिकांनी ब्लँक सोडून एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकचे छरे उडवणाऱ्या नकली बंदुका) आणि संगणकावर काढलेली ज्वाळा स्वीकारली. आता प्रश्न दोन होतात: हातातली वस्तू काय, आणि ती नक्कल कशाची? नळीच्या तोंडात आत आणखी एक बारीक, सहा मिलिमीटरच्या छऱ्याची नळी दिसली, स्लाइड हलूनही पुंगळी उडाली नाही, किंवा पडलेल्या मॅगझीनच्या बुडाला गॅसचा व्हॉल्व्ह दिसला, तर एअरसॉफ्ट. धावताना नळी लवली किंवा चाप आणि गार्ड एकाच ओतीव तुकड्यात दिसले, तर रबर. काही एअरसॉफ्टमागे खरं हत्यारच नसतं. टोकियो मारुईचं हाय-कॅपा कोणत्याही एका खऱ्या पिस्तुलाची नक्कल नाही. तिथे जवळचं नाव चिकटवण्यापेक्षा ‘हाय-कॅपा’ एवढंच लिहिणं प्रामाणिक.

इंग्रजी मारधाडपटांची पानं भरगच्च, इतर भाषांतल्या सिनेमांची अनेकदा विरळ. मथळ्यांखालच्या ओळींत थट्टामस्करीही बरीच आहे. कुणाला आवडेल, कुणाला माहितीच्या आड येईल.

चूक सापडली तर खातं काढून पान थेट बदलण्याआधी चर्चेच्या टॅबमध्ये लिहावं. सिनेमातली वेळ तास-मिनिट-सेकंदांत द्यावी, कोणती खूण दिसते ते सांगावं, आणि ती खूण कोणत्या बंदुकीला बसत नाही तेही. वॉल्थरच्या पीपीके आणि पीपीके/एस या पिस्तुलांचा वाद असाच मिटतो: मूळ जर्मन पीपीकेची मूठ मागून एकसंध प्लॅस्टिकने गुंडाळलेली असते, १९६८ च्या अमेरिकी बंदूक कायद्यानंतर आयातीसाठी काढलेल्या पीपीके/एसवर मुठीच्या मागे धातूची पट्टी दिसते. मुठीची एक मागून घेतलेली चौकट पुरते.