शांत हार्ड डिस्क मागितली, वापरलेली गळ्यात मारली

गेल्या पावसाळ्यात म्हापशातल्या एका दुकानदाराने मला चार वर्षांहून जास्त चाललेली हार्ड डिस्क नवीकोरी म्हणून विकली. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी झगडावं लागलं. त्या डिस्कवर जे गेलं ते अजून परत आलेलं नाही. घरच्या कॉम्प्युटरसाठी डिस्क घ्यायला निघालेल्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठीच लिहितोय.

मी डिचोलीला राहतो, पेटी शिकवतो. शिकवणी आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत. बाबांनी जमवलेल्या सुमारे १४० कॅसेट्स घरात आहेत: देवळातली भजनं, सप्ताहाच्या बैठका, चवथीला घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटलेल्या आरत्या, आणि काही त्यांच्या स्वतःच्या पेटीच्या. आपल्याकडच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी धरते. दरवर्षी दोन-चार कॅसेट्स हातातून जात होत्या, म्हणून सगळ्या कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. शिवाय विद्यार्थ्यांचं रेकॉर्डिंगही त्याच खोलीत करतो, माईक कॅबिनेटपासून सहा-सात फुटांवर. त्यामुळे मला दोन गोष्टी हव्या होत्या. कॉम्प्युटर झटपट चालावा आणि डिस्कचा आवाज माईकमध्ये येऊ नये.

झटपट चालण्याचा प्रश्न सोपा होता. विंडोजसाठी ५०० जीबीची एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे आवाज शून्य. पूर्वी कॉम्प्युटर सुरू करून मी चहा ठेवायला जायचो, आता खुर्चीत बसेपर्यंत तो तयार असतो. साठवणीसाठी मात्र ४ टीबी हवे होते आणि तेवढी एसएसडी मला परवडणारी नव्हती. म्हणून फिरती हार्ड डिस्क, तीही मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची. ७,२००ची थोडी वेगवान असते, पण आवाजही जास्त करते आणि तापतेही जास्त. ध्वनिफिती नुसत्या साठवायच्या असतील तर ५,४०० पुरे.

एका शुक्रवारी बाजाराला गेलो होतो, तेव्हा या दुकानात शिरलो. इतर ठिकाणी नव्या डिस्कचा भाव नऊ हजारांच्या आसपास सांगत होते, इथे ६,९००. खोका नव्हता. चंदेरी पिशवीत सीलबंद डिस्क. "मास्तर, ही बल्क पॅक. कंपनीतून थेट येते, खोक्याचे पैसे कशाला द्यायचे?" बिलाचं विचारलं तर म्हणाला, पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल. मग कोटेशनच्या कागदावर '४ टीबी, १ नग' लिहून शिक्का मारून दिला. मी जरा घुटमळलो, तेव्हा हसून म्हणाला, "भियेनाकात मास्तर, हांव आसां न्हय!" त्या एका वाक्यावर मी विश्वास टाकला. पैसे मात्र यूपीआयने दिले आणि आदल्या दिवशी भाव विचारला होता तो व्हॉट्सअॅपवर. या दोन गोष्टी पुढे कामाला आल्या.

पहिल्या रात्रीच कानाला खटकलं. खोली शांत झाली की कॅबिनेटमधून एक सलग घुमणारा सूर यायचा आणि मध्ये मध्ये तांदूळ निवडताना सुपात खडा वाजावा तसा कडकड आवाज. फोन केला. उत्तर आलं की डिस्क नवी आहे, सेट व्हायला वेळ लागतो, तुमच्या कॅबिनेटचा पत्रा पातळ असेल. पत्रा पातळ आहे हे खरंच. मी स्क्रूखाली रबरी वॉशर घातले, आवाज थोडा दबला. मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. निळ्या चौकटीत 'गुड' आणि 'पॉवर ऑन अवर्स' समोर ३. म्हणजे डिस्क जेमतेम तीन तास चाललेली. माझा कान एक सांगत होता आणि आकडा दुसरं. मी आकड्यावर विश्वास ठेवला.

त्या महिन्यात जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर हलवलं आणि जुनी डिस्क फॉरमॅट करून एका विद्यार्थ्याला देऊन टाकली. एकच प्रत ठेवली ही माझी चूक. कॅसेट्सही थेट नव्या डिस्कवरच उतरवत होतो. त्यांत एक कॅसेट बाबांच्या अक्षरातली होती, 'पेटी, घरी, नाताळची रजा'. बाबा एकटेच वाजवत आहेत, मागे आईच्या भांड्यांचा आवाज, मध्येच कोणीतरी दारातून हाक मारतंय. एक बाजू ४५ मिनिटांची. ती एकदा नीट वाजली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा फीत डेकच्या रुळात अडकली आणि चुरगळली. मला वाटलं, फाइल आहे ना, काळजी नाही.

आता आवाजाचं. एका मुलीचं रेकॉर्डिंग साफ करताना खालच्या पट्टीत एक बारीक, हटवादी सूर सापडला. सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा आलेख काढला तर टोक बरोबर १२० हर्ट्झवर. आधी वाटलं विजेचा हम असेल. पण आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा हम ५० वर आणि १०० वर येतो, १२० वर नाही. पंखा बंद केला, तरी तो होताच. मग साधा भागाकार केला. मिनिटाला ५,४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९०. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२०. डिस्कच्या लेबलवर ५,४०० छापलेलं होतं आणि आत काहीतरी ७,२००ने फिरत होतं. पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. वरच्या कोपऱ्यात 'रोटेशन रेट ७२०० आरपीएम' असं पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. मी 'गुड' आणि तास एवढंच वाचून बंद केलं होतं.

माझा भाचा फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. तो चवथीला आला तेव्हा आम्ही डिस्क बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात पाहिली. ज्या सोनेरी पट्ट्यांवर डिस्क कॉम्प्युटरला जोडणारी साटाची केबल बसते, त्यांवर बारीक उभे ओरखडे. केबल एकदाच लावून असे ओरखडे पडत नाहीत, ती अनेकदा घालून काढलेली होती. स्क्रूच्या चार भोकांपैकी दोनांची कड झिजून चकाकत होती, आणि त्या दोन भोकांत मी स्क्रू घातलेच नव्हते. लेबलच्या एका कोपऱ्याखाली दुसऱ्या लेबलची कड नखाला लागत होती. शेवटी त्याने लेबलवरचा सीरियल नंबर आणि कॉम्प्युटरवर दिसणारा नंबर शेजारी शेजारी लिहिले. दोन्ही वेगळे. कंपनीच्या वेबसाइटवर खरा नंबर टाकला तर वॉरंटी केव्हाच संपलेली.

मग त्या तीन तासांचं काय? तासांचा तो आकडा पुसून शून्य करता येतो, हे मला माहीत नव्हतं. काही डिस्कमध्ये मात्र 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते. ती नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, स्मार्टसीटीएल नावाच्या साधनाने वाचावी लागते. भाच्याने ती काढली. तिथे तास होते ३८,४१२. वर्षाचे ८,७६० तास धरले तर सव्वाचार वर्षांहून जास्त, रात्रंदिवस चाललेली. सर्व्हरमधून किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली असणार. जर्मनीत २०२५च्या सुरुवातीला नेमका हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर उघडकीला आला होता. हजारो तास वापरलेल्या सीगेट कंपनीच्या डिस्क नेहमीचे आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या आणि तिथेही पितळ या 'फार्म' नोंदीनेच उघडं पाडलं. चिया नावाच्या आभासी चलनाच्या मायनिंगमधून त्या आल्या असाव्यात असा तर्क होता.

त्याच संध्याकाळी सगळं दुसरीकडे कॉपी करायला घेतलं. बहुतेक फाइल्स आल्या. बाबांच्या पेटीची फाइल मध्यावर अडकली, डिस्क कडकडायला लागली आणि बॅड सेक्टरचा, म्हणजे खराब झालेल्या जागांचा, आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढू लागला. भाच्याने ती ताबडतोब बंद केली. नंतर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधून माहिती काढणारं साधन लावून चार दिवस थोडं थोडं वाचत राहिला. हाती आली ३४ मिनिटं. मधली अकरा मिनिटं गेली.

दुकानात गेलो तर तोच माणूस म्हणाला, "हा माल आमचा कशावरून?" कोटेशनच्या कागदावर सीरियल नंबर नव्हता, ५,४०० नव्हतं, 'नवी' हा शब्दही नव्हता. पण व्हॉट्सअॅपवर त्याच्याच हातचं होतं: ४ टीबी, ५४००, नवी सीलपॅक, ६,९००. आणि त्याच रकमेची यूपीआयची नोंद दुसऱ्या दिवसाची. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. डिस्कचे, दोन्ही नंबरांचे आणि संदेशाचे फोटो जोडून दुकानाला स्पीड पोस्टने पत्र पाठवलं. पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, असं लिहिलं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. वकील नसला तरी चालतो. अनेक जण 'सात हजारांसाठी कोण खेटे घालणार' म्हणून सोडून देतात आणि असली दुकानं त्याच भरवशावर चालतात. पत्राच्या बाराव्या दिवशी त्याने पैसे परत केले. दिलगिरीचा शब्द नाही. मी पैसे मोजत असताना त्याच्या मागच्या फळीवर तशाच चंदेरी पिशव्यांची चळत दिसत होती.

दुसरी डिस्क घेताना मी काय केलं तेही सांगतो. खोकाबंद घेतली, खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली. पक्क्या बिलावर दुकानदाराकडून मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घेतला. १८ टक्के जीएसटी 'वाचवण्यात' तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा जातो. काउंटरवरच डिस्क जोडून सॉफ्टवेअरमधला नंबर लेबलशी ताडून पाहिला. दुकानदार कुरकुरला नाही, खऱ्या मालाला काय भीती? कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकून भारतातली वॉरंटी किती हे तिथेच पाहिलं. 'ही डिस्क तयार कॉम्प्युटरचा भाग म्हणून विकली आहे' असं उत्तर आलं असतं तर तिथूनच परत फिरलो असतो, कारण मग वॉरंटी तुमच्या हातात राहत नाही. डिस्क माहिती सुट्या पट्ट्यांत लिहिणारी सीएमआर पद्धतीची की एसएमआर, हेही मॉडेल नंबरवरून शोधलं. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, सलग खूप लिहायला गेलं की वेग बसतो. तीन मोठ्या कंपन्या काही मॉडेल्समध्ये हे न सांगता विकत होत्या, असं २०२० साली बाहेर आलं, त्यामुळे खोक्यावर लिहिलेलं नसेल तर स्वतः शोधा.

घरी आणल्यावर लगेच काही ठेवलं नाही. क्विक फॉरमॅट न करता पूर्ण फॉरमॅट मारला. ४ टीबीला सात-आठ तास लागतात, रात्री लावून झोपलो. सकाळी बॅड सेक्टर शून्य. मग कानाने ऐकली. खोली बंद करून माईक लावला आणि आलेख काढला. टोक ९० वर, इतकं बारीक की पेटीच्या श्वासाखाली दडून जातं. आता प्रत्येक कॅसेटच्या तीन प्रती असतात आणि त्यांतली एक फर्मागुढीला भाच्याकडे.

बाबांची ती चुरगळलेली फीत मी फेकलेली नाही. सिलिका जेलच्या पुडीबरोबर पाकिटात ठेवली आहे. कॅसेटची फीत सरळ करून नव्या कवचात घालून देणारं कोणी गोव्यात, किंवा जवळपास सावंतवाडी-बेळगावकडे, तुमच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. अकरा मिनिटं अजून त्या फितीवर आहेत.