आणखी एक हंगाम, खेळाडू-कोच की थेट असिस्टंट कोच?

आइस हॉकीतल्या सर्वोच्च लीगचं, एनएचएलचं दार कधी उघडलं नाही, तिच्या खालच्या एएचएलमधून अधूनमधून बोलावणं आलं, बाकी सगळी वर्षं त्याहून खालच्या, अमेरिकेच्या ईसीएचएलमध्ये बसने गावोगाव फिरण्यात गेली. असा आइस हॉकीपटू तिशी ओलांडतो तेव्हा त्याच्यापुढे तीन रस्ते असतात: खेळत राहणं, युरोपात खेळाडू-कोच होणं, किंवा खेळणं थांबवून असिस्टंट कोचची नोकरी धरणं. ज्याला पुढे कोचच व्हायचं आहे, त्याने तिसरा रस्ता धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एकच, नोकरी योग्य क्लबात हवी.

खेळत राहायचं म्हटलं की आडवा येतो ईसीएचएलचा व्हेटरन नियम. 260 व्यावसायिक सामने झालेला खेळाडू व्हेटरन धरला जातो आणि एका सामन्यात संघाला असे चारच उतरवता येतात. गोलकीपरना यातून सूट आहे. हंगाम 72 सामन्यांचा, म्हणजे नियमित खेळणाऱ्याचे 260 सामने चौथ्या हंगामातच पूर्ण होतात. त्यानंतर बत्तिशीतल्या डिफेन्समनची (बचावपटूची) खरी चुरस बावीस वर्षांच्या पोराशी राहत नाही. त्याच चार जागांवर डोळा असलेल्या, गोल करणाऱ्या फॉरवर्डशी ती असते, आणि क्लब बहुधा फॉरवर्डच ठेवतो. करार हमीचा नसल्याने हंगामाच्या मध्यातही मोकळं केलं जाऊ शकतं. हंगामात आठवड्याचा पगार मिळतो, राहायला क्लबचं घर असतं, पाठीशी पीएचपीए ही खेळाडूंची संघटना असते. उन्हाळ्यात मात्र पगार बंद.

खेळाडू-कोच हे पद ब्रिटनच्या एलिट लीगमध्ये पाहायला मिळतं. कॅनडाचा अँड्र्यू लॉर्ड 2014 मध्ये कार्डिफ डेव्हिल्सचा खेळाडू-कोच झाला, पुढे खेळणं सोडून पूर्णवेळ कोच राहिला, 2017 आणि 2018 मध्ये लीग जिंकली आणि 2020 मध्ये ईसीएचएलच्या ग्रीनव्हिलला मुख्य कोच म्हणून आला. त्यामुळे हा रस्ता बंद गल्ली नाही. अडचण बेंचवर येते. बर्फावरची पंचेचाळीस सेकंदांची पाळी, म्हणजे शिफ्ट, संपवून धापा टाकत बसलेल्या माणसाने समोरची कोणती ओळ (तीन फॉरवर्डचा गट) उतरली ते पाहायचं, आपली कोणती पाठवायची ते ठरवायचं आणि दमलेल्या डिफेन्सच्या जोडीकडेही लक्ष ठेवायचं! यात खेळाडूंचा बदल चुकतो, पाचांच्या जागी बर्फावर सहावा स्केटर उतरतो आणि दोन मिनिटांची शिक्षा बसते. म्हणून बेंचवर बदल करायला एक न खेळणारा असिस्टंट हवाच. क्लब तो देत नसेल तर पद नाकारावं. शिवाय काल ज्याच्याशेजारी बसून स्केट्स बांधले, त्यालाच उद्या संघातून काढावं लागतं. ब्रिटनमध्ये बरेच क्लब परदेशी खेळाडूंना स्थानिक विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाची सोय करून देतात. कोचिंगबद्दल अजून मन बनलं नसेल, तर नुसता खेळाडू म्हणून तिथे जाऊन पदवी पदरात पाडून घेणं अधिक शहाणपणाचं.

आता असिस्टंट कोच. ईसीएचएलमध्ये कोचिंगची माणसं मोजकीच असल्याने असिस्टंटवर सगळंच येतं: डिफेन्सच्या जोड्या, पेनल्टी किल (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असतानाचा बचाव), व्हिडिओ, नव्या खेळाडूंना फोन. सामना संपल्यावर बसमध्येच लॅपटॉप उघडायचा, ब्रेकआउट (आपल्या भागातून पक बाहेर काढणं), झोन एंट्री (समोरच्यांच्या भागात शिरणं) आणि पॉवर प्ले (एक खेळाडू जास्त असतानाचा हल्ला) यांच्या क्लिप वेगवेगळ्या कापायच्या, मग पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे अलीकडचे सामने पाहून त्यांचा फोरचेक (आपल्या भागात येऊन पकसाठी टाकलेला दबाव) कसा येतो ते टिपायचं. नवा असिस्टंट हमखास चुकतो तो इथे. तीस क्लिप दाखवतो आणि पोरं दहाव्यालाच गळतात. आठ-दहा पुरे, तेही प्रत्येक क्लिपमागे एकच सूचना. दुसरी धांदल शुक्रवारी: एएचएलने दोन डिफेन्समन उचलले की सकाळी बसवलेला पेनल्टी किल संध्याकाळी मोडीत निघतो. त्यामुळे प्रत्येक जागेसाठी दुसरा माणूस आधीच तयार ठेवावा लागतो.

या हमालीचं फळ ईसीएचएलच्या साउथ कॅरोलिना स्टिंगरेज क्लबात दिसतं. जॅरेड बेडनार एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. 2002 मध्ये तो तिथे असिस्टंट झाला, 2007 मध्ये मुख्य कोच आणि 2009 मध्ये ईसीएचएलचा केली कप. पुढे 2016 मध्ये एएचएलचा कॅल्डर कप आणि 2022 मध्ये कोलोराडोसोबत एनएचएलचा स्टॅनली कप. स्पेन्सर कार्बेरीने 2010 मध्ये त्याच क्लबात खेळणं थांबवलं, वर्षभर असिस्टंट राहिला आणि 2011 मध्ये मुख्य कोच झाला. 2025 मध्ये एनएचएलच्या वॉशिंग्टनचा कोच म्हणून त्याला सर्वोत्तम कोचचा जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला. स्टिंगरेजमधला त्याचा असिस्टंट रायन वॉर्सोफ्स्की 2024 मध्ये एनएचएलच्या सॅन होजेचा मुख्य कोच झाला. वरचा माणूस बढती घेऊन गेला की खालच्याला खुर्ची मिळते, हे गणित इथे उघड आहे.

म्हणून मुलाखतीत पगाराआधी विचारावं: आधीचे असिस्टंट कुठे गेले? पेनल्टी किल पूर्णपणे माझ्याकडे असेल का? खेळाडू निवडताना माझा शब्द किती चालेल? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा क्लब पाहावा. आणि खेळाडूंच्या संघटनेचं कवच कोचला नसतं, तेव्हा पगार किती महिने चालणार, घर कोण देणार आणि आरोग्यविमा कधीपासून लागू होणार, हे सही करण्याआधी लेखी घ्यावं.