एलटी-झेड ४००: आहे तोच कार्ब्युरेटर जेट करायचा की एफसीआर बसवायचा?

सुझुकीची जुनी एलटी-झेड ४०० ही चार चाकांची ऑफ-रोड क्वाड घेतली की लवकरच हा प्रश्न समोर येतो. कंपनीचा मिकुनी बीएसआर ३६ कार्ब्युरेटर ठेवून फक्त जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोट्या) बदलायचे, की तो काढून केहिनचा एफसीआर ३९ लावायचा? प्रश्न २००३ ते २००८ च्या गाड्यांचा आहे, कारण २००९ पासून तिला फ्युएल इंजेक्शन आलं. कावासाकीची त्या काळातली केएफएक्स ४०० म्हणजे हीच गाडी, तेव्हा तिलाही हे लागू. मी ॲरिझोनात राहतो. हिवाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत चालवतो आणि उन्हाळ्यात फ्लॅगस्टाफजवळच्या सिंडर हिल्समध्ये. माझं मत या दोन जागांनी घडवलंय.

दोघांतला फरक थ्रॉटल दाबणाऱ्या अंगठ्याला लगेच कळतो. एफसीआरमध्ये स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी सरकती झडप, थेट थ्रॉटलच्या केबलने उचलली जाते, आपल्या आरएक्स १०० सारखी. बीएसआरमध्ये केबल फक्त बटरफ्लाय ही फिरती झडप उघडते. स्लाइड वर जाते ती इंजिनाच्या ओढीने, रबरी डायफ्रॅमच्या जोरावर. अंगठा कितीही जोरात दाबला तरी इंजिनाला पेलेल तेवढीच ती उठते. त्यामुळे पिकअप जरा उशिरा येतो, पण गचका नसतो. एफसीआर एकदम उघडला की हवा झटकन आत घुसते आणि पेट्रोल मागे पडतं. ती उणीव भरायला त्यात ॲक्सिलरेटर पंप असतो, तो पेट्रोलची बारीक धार मारतो. जमून आलं तर गाडी पुढची चाकं उचलून सुटते. नाही जमलं तर क्षणभर घुसमटते, आणि ऐन उडीच्या तोंडावर ती घुसमट जिवावर बेतू शकते.

आता मला खरंच हळहळ वाटते ती गोष्ट. धुराच्या नियमांमुळे ही गाडी कारखान्यातूनच लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी यायची. त्यात मालक एअरबॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) झाकण काढतो, मोकळा सायलेन्सर लावतो, म्हणजे हवा आणखी वाढते. मग गाडी अडखळते, थ्रॉटल सोडला की फटफट आवाज करते, आयडलवर यायला वेळ लावते. दोष बीएसआरच्या माथी जातो आणि कित्येक शे डॉलर एफसीआरवर खर्च होतात. हा आजार बहुतेक वेळा थोड्याशा पितळी जेटांनी बरा होतो.

काम एका दुपारचं आहे. थ्रॉटलवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पावपर्यंत पायलट जेट आणि फ्युएल स्क्रूचं राज्य, पाव ते पाऊण स्लाइडमधल्या सुईचं, त्यापुढे मेन जेटचं. अमेरिकी मॉडेलमध्ये फ्युएल स्क्रूवर पितळी बूच ठोकलेलं असतं, ते जपून ड्रिल करून काढावं लागतं. इंजिन गरम असताना सर्वांत छान आयडल हा स्क्रू तीन फेऱ्यांहून जास्त बाहेर काढल्यावर मिळत असेल तर पायलट मोठा हवा, एका फेरीच्या आत मिळत असेल तर लहान. कंपनीच्या सुईला क्लिपच्या खाचा नसतील तर खाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घालून ती उचला. मेन जेट एकेक नंबर वाढवत न्या. पूर्ण थ्रॉटलला गाडी जड वाटून अडखळू लागली की एक पाऊल मागे या. काही किटमध्ये स्लाइडचं भोक मोठं करायला सांगतात. ते मी करत नाही, कारण वाढवलेलं भोक पुन्हा लहान होत नाही.

एफसीआरमध्ये हे सगळं आहेच, वर पंपाची जुळवणी. धार कधी सुटते, स्लाइडला आपटते का, लीक जेट (पंपातलं काही पेट्रोल परत सोडणारा) कितीचा आहे, सगळं पाहावं लागतं. लीक जेट लहान केला की धार वाढते, हे उलटं गणित सुरुवातीला गोंधळात टाकतं. मिकुनी आणि केहिनच्या जेटांचे नंबरही एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा जुन्या नंबरांवरून अंदाज बांधू नका.

उंचीचा हिशोब मात्र नीट करा. फ्लॅगस्टाफ सुमारे २१०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीच्या मानाने तिथे हवा जवळजवळ १९ टक्के विरळ, आणि कार्ब्युरेटरच्या गणिताने मिश्रण साधारण १० टक्के रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं होतं. बीएसआरची स्लाइड इंजिनाच्या ओढीवर चालत असल्याने अर्ध्या थ्रॉटलला ती यातलं थोडंफार सांभाळून घेते. पूर्ण थ्रॉटलला तिलाही मेन जेट बदलून हवा. एफसीआर स्वतःहून काहीच सांभाळत नाही. पण त्याच्या तळाचा मोठा बोल्ट काढला की मेन जेट हाती येतो, कार्ब उतरवावा लागत नाही. बीएसआरशी झटापट केलेल्या माणसाला याची किंमत कळते.

म्हणून इंजिन बोअर करून मोठं केलेलं असेल, कॅम बदलला असेल, किंवा फक्त मोटोक्रॉस आणि वाळू असेल तर एफसीआर घ्या. शक्यतो यामाहाच्या वायएफझी ४५० क्वाडवरचा शोधा, कारण मोटोक्रॉस बाइकच्या एफसीआरला दोन केबल असतात आणि आपल्या अंगठ्याच्या थ्रॉटलला एकच. डोंगरवाटा, बदलती उंची आणि मूळ इंजिन असेल तर बीएसआरच ठेवा, मी तोच ठेवलाय.

पैसे काढण्याआधी बीएसआरचं वरचं झाकण उघडा आणि डायफ्रॅम उजेडासमोर धरा. टाचणीएवढं जरी भोक दिसलं तरी स्लाइड आजवर पूर्ण उठतच नसणार. आधी डायफ्रॅम बदला, गाडी चालवून पाहा, मग जेटांना हात लावा.