लॅबच्या इंटरव्ह्यूची तालीम: कॉलेज रोडच्या सरांकडे पैसे वसूल होतात का?

पाटी नाही, जाहिरात नाही, इन्स्टाग्राम तर नाहीच नाही. नाशिकच्या कॉलेज रोडच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर केमिस्ट्रीचे एक निवृत्त प्राध्यापक विद्यापीठातल्या प्रोजेक्टच्या जागांसाठी पोरांची इंटरव्ह्यूची तालीम घेतात. जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो, असो नाहीतर प्रोजेक्ट असोसिएट, सगळं चालतं. नंबर एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मला आमच्या वायनरीच्या लॅबमधल्या सीनियरनं दिला. एका सत्राचे दीड हजार, आगाऊ आणि रोख. पावती मागितलीत तर सर चष्म्यावरून बघतात.

इंटरव्ह्यूचे क्लास नाशकात पैशाला पासरी आहेत, पण ते बँकेचे आणि एमपीएससीचे. तिथं ‘स्वतःबद्दल सांगा’ घोटून घेतात आणि बसायचं कसं ते शिकवतात. लॅबच्या इंटरव्ह्यूत समोर प्रोजेक्टचे पीआय म्हणजे मुख्य संशोधक, विभागातले एकदोघं आणि बाहेरचा एखादा तज्ज्ञ असतो. पुढची दोन-तीन वर्षं आपलं सामान कोणाच्या हातात द्यायचं, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. सर तालीम घेतात ती याच गोष्टीची.

एका वेळी तिघांना बसवतात. सुरुवातीलाच कोरा कागद पुढे सरकवला. “०.१ मोलर सोडियम क्लोराइड, अडीचशे मिली. किती ग्रॅम?” कॅल्क्युलेटर नाही. १.४६ पर्यंत सगळेच पोचलो. मग, “आता करून दाखव. तोंडानं.” माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, अडीचशे मिली पाण्यात टाकेन. झालं! सरांनी त्याला सोडलाच नाही. आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, मग व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घालून खुणेपर्यंत पाणी भरायचं, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं तेव्हा कुठे पुढे सरकले.

माझ्या बायोडेटात ‘वाइनमधल्या फ्री सल्फर डायऑक्साइडचं टायट्रेशन’ अशी एक ओळ आहे. वाइन टिकवायला घातलेल्या या रसायनातलं मोकळं किती उरलंय, ते मोजायचं काम. मला ती ओळ जागा भरायला टाकलेली वाटायची. सर तिथंच थांबले. “आयोडिन वापरतेस ना? मग एंड पॉइंटला स्टार्चचा निळा रंग येणार. रेड वाइनमध्ये तो दिसतो कसा गं तुला?” मी म्हटलं, धड दिसत नाहीच, म्हणून फ्लास्कमागे दिवा धरतो. “आणि तरी शंका आली तर?” तर एअरेशन-ऑक्सिडेशन या दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा करतो. त्यावर ते पहिल्यांदा हसले. “हे सांग ना मग! डिग्री सगळ्यांकडे असते.” ती ओळ आता बायोडेटात सगळ्यात वर आहे.

पण दीड हजार खरे वसूल होतात ते जाहिरात वाचताना. आपण अर्ज केलेली जाहिरात सर मोठ्यानं वाचायला लावतात. ‘निव्वळ तात्पुरती’ आणि ‘प्रोजेक्टच्या मुदतीपुरती’ या ओळी आपण सगळेच घाईत ओलांडतो. जेआरएफचे २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडे भत्ता, हा आकडा मात्र तोंडपाठ असतो. सर विचारतात, ग्रँटची किती वर्षं शिल्लक आहेत ते माहीत आहे का? आणि प्रोजेक्टवर लागलात म्हणजे पीएचडीची नोंदणी आपोआप झाली, असं कोणी सांगितलं? शेवटी पॅनेल “तुम्हाला काही विचारायचंय?” म्हणतं, तेव्हा हे दोन प्रश्न विचारायचे. बिनधास्त. मी पुण्याच्या इंटरव्ह्यूत विचारले, कोणी डोळे वटारले नाहीत.

आता तक्रारी. सरांचा बायोडेटाचा नमुना फार जुना आहे. त्यात वडिलांचा व्यवसाय आहे, वैवाहिक स्थिती आहे, पण ऑर्किड आयडीला (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) जागा नाही. तो घेऊ नका. हल्ली पहिली फेरी बऱ्याचदा ऑनलाइन असते. तिची तालीम ते घेत नाहीत, “समोर ये, मग बघू” म्हणतात. मायक्रोबायोलॉजीवाल्यांनो, पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती काढायच्या तंत्राच्या) पुढचं त्यांना विचारू नका. आणि दोन तासांचं सत्र तीनवर जातं, त्यात काकूंचा चहा दोनदा येतो. ही तक्रार आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

प्रवासाचा त्यांचा सल्ला मात्र डोळे मिटून ऐका. वॉक-इनला, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या इंटरव्ह्यूला, सकाळी साडेनऊची वेळ असेल तर आदल्या रात्रीच पुणं गाठा. पहाटेच्या बसनं निघालात आणि चाकणला अडकलात, तर पॅनेल थांबत नाही. जायचा-यायचा खर्च आपलाच, हे जाहिरातीत लिहिलेलं असतंच.

निकाल विचाराल तर मी वेटिंग लिस्टवर दुसरी आहे. पॅनेलनं रेड वाइनचं विचारलं नाही, फॉस्फेट बफर कसा बनवशील ते विचारलं, आणि मी तोंडानं करून दाखवला.

पाचपैकी चार. नेट, गेट या परीक्षा झालेल्यांनी आणि थेट पीएचडीच्या इंटरव्ह्यूला निघालेल्यांनी नक्की जा. फक्त ‘बोलायला आत्मविश्वास हवा’ असं असेल तर हे ठिकाण तुमचं नाही. फोन सकाळी दहाच्या आत करा, नंतर सर उचलत नाहीत. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावू नका, समोरचे आजोबा हवा सोडतात.